लहान विमानाचे मोठे दप्तर

विमान जुने झाले एवढ्याच कारणाने ते उड्डाणास अपात्र ठरत नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेली दोन किंवा चार आसनांची विमाने आजही देशोदेशी नित्य उडत असतात. उलट तेवढेच निकोप असे दुसरे एखादे विमान हँगरच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभे असते. त्याचे पंख शाबूत असतात, इंजिनही सुरू होते. परंतु त्या इंजिनाच्या पहिल्या दहा वर्षांची नोंदपुस्तके कोठे गेली हे कोणालाच सांगता येत नाही. असे विमान कायद्याच्या दृष्टीने उडू शकत नाही, आणि थोडा विचार केल्यास असे दिसून येईल की शहाणपणाच्या दृष्टीनेही त्याने उडू नये.

हा विषय वरवर पाहता मूठभर हौशी लोकांचा वाटतो. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी तो तसा नाही. वैमानिक प्रशिक्षणाची परंपरा मुंबईत १९२८ पासून आहे. मुंबई फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेले जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढे हे प्रशिक्षण जुहूपुरते राहिले नाही. बारामती, गोंदिया, धुळे यांसारख्या ठिकाणच्या धावपट्ट्यांवर ग्रामीण भागातील मुलामुलींनाही ते दिसू लागले. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी उमेदवाराने किमान २०० तासांचे उड्डाण केलेले असावे लागते. हे तास ज्या लहान विमानांवर भरले जातात, त्यांपैकी सेस्ना १५२ या दोन आसनी विमानाचे उत्पादन १९७७ ते १९८५ या काळातच झाले. म्हणजे या प्रकारातील सर्वांत तरुण विमानही आता चाळिशीत आहे. त्याचे एक प्रमाणपत्र संपुष्टात आले की विमान जमिनीवर राहते आणि कर्ज काढून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याचे तासही तेथेच थांबतात. असे का होते व त्यामागे कोणती कारणे आहेत, हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

नोंदणी : विमानाचे राष्ट्रीयत्व

माणसाप्रमाणे विमानालाही राष्ट्रीयत्व असते. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारानुसार विमान ज्या देशात नोंदलेले असेल त्या देशाचे ते मानले जाते, आणि एकाच वेळी दोन देशांत त्याची नोंदणी वैध ठरत नाही. भारतीय विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’ ही अक्षरे व त्यापुढे आणखी तीन अक्षरे रंगविलेली असतात. हीच अक्षरे कोरलेली एक आगीत न वितळणारी धातूची पट्टी विमानाच्या दाराजवळ बसविलेली असते. तिचे प्रयोजन सांगताना मन थोडे कचरते, पण ते उघड आहे : सर्व काही जळून गेल्यावरही विमान कोणते होते हे कळावे.

आपल्याकडे या विषयाचा मूळ कायदा १९३४ चा आणि नियम १९३७ चे. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली. नोंदणी आणि पुढे येणारी बहुतेक प्रमाणपत्रे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून दिली जातात. या महासंचालनालयाला २०२० च्या कायदादुरुस्तीने वैधानिक दर्जा मिळाला आणि २०२१ पासून त्याच्या अनेक सेवा संगणकीय प्रणालीवरून देण्यात येऊ लागल्या.

जुन्या विमानाच्या बाबतीत नोंदणीची अडचण बहुधा मालकी हस्तांतराच्या वेळी पुढे येते. खरेदीखत झाले, पैसे दिले-घेतले, विमानही नव्या जागी आले. परंतु नोंदणी प्रमाणपत्रावर पूर्वीच्याच मालकाचे नाव. शेतजमिनीचा व्यवहार झाला पण फेरफार नोंदला गेला नाही, तर सातबाऱ्यावर काय घडते हे ग्रामीण वाचकांस सांगावयास नको. परदेशातून जुने विमान आणावयाचे असेल तर त्या देशाने आपल्या नोंदवहीतून ते कमी केल्याचा दाखला आधी लागतो. विमानावर बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याचा कागद लागतो. आणि आयातीची परवानगी देताना विमानाचे वय आणि त्याचा पूर्वेतिहास या दोहोंची छाननी होते. स्वस्तात मिळाले म्हणून आधी विमान विकत घ्यावयाचे व मग कागद जमवावयास बसावयाचे, हा क्रम फार महागात पडतो.

उड्डाणयोग्यतेचा अर्थ

नोंदणी प्रमाणपत्र विमान कोणाचे व कोठले ते सांगते. ते उडण्यास योग्य आहे की नाही, हे सांगणारा कागद वेगळा. त्याला उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र म्हणतात.

या प्रमाणपत्रामागील विचार समजून घेण्यासारखा आहे. कोणतेही विमान बाजारात येण्यापूर्वी त्याच्या आराखड्याची संपूर्ण परीक्षा होते आणि त्या विमानप्रकाराला मान्यता दिली जाते. पुढे कारखान्यातून बाहेर पडणारे प्रत्येक विमान त्या मान्य आराखड्याशी जुळते, म्हणून त्याला उडण्याची अनुज्ञा मिळते. वीस, तीस, चाळीस वर्षांनंतरही प्रश्न तोच राहतो : आज आपल्यासमोर उभे असलेले हे यंत्र त्या मूळ मान्य आराखड्याशी, अथवा त्यात रीतसर मंजूर झालेल्या बदलांशी, जुळते आहे काय? दरम्यानच्या काळात त्याचे तीन मालक झालेले असतात. एकाने नवा रेडिओ बसविला, दुसऱ्याने पंखाचे टोक बदलले, तिसऱ्याने आसनांवर नवे कापड चढविले. प्रत्येक बदलाचा मंजुरीचा कागद असल्यास विमान मान्य आराखड्यात बसते. नसल्यास ते कोणत्याच आराखड्यात बसत नाही.

पूर्वी उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राचेच ठराविक मुदतीने नूतनीकरण होत असे. नंतरच्या पद्धतीत हे प्रमाणपत्र कायम राहते, मात्र त्याच्या जोडीला पुनरावलोकन प्रमाणपत्र असावे लागते आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. विमान मान्यताप्राप्त संस्थेच्या सलग देखरेखीखाली असेल तर या प्रमाणपत्राला एकेक वर्षाची अशी दोनदा मुदतवाढ मिळू शकते. पुनरावलोकन करणारा अधिकारी प्रथम दप्तर पाहतो : उड्डाणाचे एकूण तास, झालेल्या तपासण्या, आलेले आदेश व त्यांची अंमलबजावणी, ज्यांचे आयुष्य ठरलेले आहे असे सुटे भाग, दुरुस्त्या, वजनाचा तक्ता. त्यानंतर तो विमानाजवळ जातो आणि कागदावर लिहिलेला क्रमांक भागावर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून पाहतो. पुष्कळ प्रकरणे याच ठिकाणी अडतात. कागदावर असलेले चुंबकीय होकायंत्र निराळे आणि विमानात बसलेले निराळे, असे आढळले की मागची सारी साखळी तपासावी लागते.

नोंदपुस्तक आणि सेवापुस्तक

विमानाचे एक नोंदपुस्तक असते, इंजिनाचे स्वतंत्र असते, अनेक ठिकाणी पंख्याचेही वेगळे असते. याखेरीज प्रत्येक प्रवासाची नोंद ठेवणारे पुस्तक निराळे. इंजिनाचे पुस्तक वेगळे ठेवण्याचे कारण असे की इंजिन त्याच विमानात जन्मभर राहील याची शाश्वती नसते. ते काढले जाते, संपूर्ण उघडून दुरुस्त होते, कधी दुसऱ्याच विमानात बसते. त्याचे तास त्याच्याबरोबर गेले पाहिजेत.

शिक्षकांना व शासकीय कर्मचाऱ्यांना ही गोष्ट त्यांच्या सेवापुस्तकावरून सहज पटेल. तीस वर्षे इमानेइतबारे नोकरी केली, हे गावातील प्रत्येकाला ठाऊक असते. पण सेवापुस्तकातील मधल्या चार वर्षांची पाने साक्षांकित नसतील तर निवृत्तिवेतनाचे प्रकरण तेथेच अडते. विमानाच्या बाबतीत फरक एवढाच की येथे केवळ पैशाचा प्रश्न नसतो. इंजिनाच्या पोटातील धातूचा भाग किती तास फिरला आहे हे बाहेरून पाहून कोणत्याही अभियंत्याला सांगता येत नाही. धातूचा थकवा डोळ्यांना दिसत नाही. तो केवळ आकड्यांत दिसतो. आकडा हरवला की थकवा किती साचला हे कळण्याचे साधनच नाहीसे होते.

लायकॉमिंगसारख्या उत्पादकांनी लहान इंजिनांसाठी प्रकारानुसार दोन हजार तास किंवा त्याच्या आसपासची, अथवा बारा वर्षांची, यांपैकी जी आधी येईल ती संपूर्ण दुरुस्तीची मर्यादा सुचविलेली आहे. यातील ‘बारा वर्षे’ हे शब्द पुष्कळांना खटकतात. वर्षाला शंभर तास उडणाऱ्या खाजगी विमानाचे इंजिन बारा वर्षांत बाराशे तासच चालते. मग ते उघडावयाचे कशासाठी? याचे उत्तर असे की न चालणारे इंजिनही जुने होत असते. रबराची वेष्टने कडक होतात, उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या आतील भागांवर गंज धरतो, आणि समुद्रकाठच्या हवेत तो लवकर धरतो. जुहूसारख्या खाऱ्या वाऱ्यात उभे राहणारे विमान आणि नागपूरच्या कोरड्या हवेतील विमान यांचे तास सारखे असले तरी त्यांचे वय सारखे नसते. या कारणानेच सेस्ना कंपनीने आपल्या जुन्या एक-इंजिनी विमानांसाठी गंज व धातूतील भेगा शोधणाऱ्या पुरवणी तपासण्या पुढे लागू केल्या.

नोंदपुस्तक हरवले तर काय करतात? ते पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न करतात. देखभाल करणाऱ्या कार्यशाळेची कार्यपत्रे, सुट्या भागांबरोबर आलेले दाखले, प्रशिक्षण संस्थेच्या उड्डाण नोंदवह्या, अभियंत्यांनी स्वतःच्या कामाच्या ठेवलेल्या नोंदी, हे सर्व गोळा करून तारखांची साखळी जुळवावी लागते. जे सिद्ध होत नाही ते झालेलेच नाही असे धरून चालावे लागते. आयुष्य ठरलेला भाग किती वापरला हे कळत नसेल तर तो संपला असे समजून बदलावा लागतो. तपासणी झाल्याचा पुरावा नसेल तर ती पुन्हा करावी लागते. हा नियम कठोर वाटतो, पण याहून सौम्य नियम कसा असू शकेल हे सुचणे कठीण आहे.

एका आसनाची गोष्ट

विमान विकले गेल्यानंतरही त्याच्या आराखड्यातील दोष उघडकीस येत असतात. असा दोष आढळला की ज्या देशात त्या विमानाचा आराखडा झाला त्या देशाचे नियामक प्राधिकरण सक्तीचा आदेश काढते. त्याला उड्डाणयोग्यता निदेश असे म्हणतात. इतर देशांत नोंदलेल्या त्याच प्रकारच्या विमानांनाही तो पाळावा लागतो. जुन्या विमानाच्या दप्तरातील सर्वांत जाड भाग बहुधा या निदेशांचाच असतो.

सेस्नाच्या आसनांचे उदाहरण बोलके आहे. या विमानांत वैमानिकाचे आसन दोन रुळांवर मागेपुढे सरकते आणि रुळांतील छिद्रांत शिरणाऱ्या खिळीने जागच्या जागी अडकते. वर्षानुवर्षांच्या वापराने ही छिद्रे झिजून लांबट होतात, खिळी पुरेशी खोल जात नाही, रुळाला बारीक भेग पडते. जमिनीवर यात धोकादायक असे काहीच वाटत नाही. परंतु विमान धावपट्टी सोडून नाक वर करते त्या क्षणी आसन सुटून मागे घसरले, तर वैमानिक स्वाभाविकपणे हातातील सुकाणूच ओढून धरतो. विमानाचे नाक आणखी वर जाते, वेग उतरतो, आणि पाय तर पायदानापर्यंत पोचतच नाहीत. या कारणाने प्राणघातक अपघात झाले आणि अमेरिकेच्या नियामक प्राधिकरणाने १९८७ मध्ये सक्तीचा निदेश काढला. २०११ मध्ये त्याची जागा सुधारित निदेशाने घेतली. दर १०० तासांनी किंवा बारा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, रूळ, छिद्रे, खिळी व चाके तपासावयाची असा त्याचा आशय आहे.

आता नोंदपुस्तकात अभियंत्याने ‘आसने तपासली, ठीक’ एवढेच लिहिले तर ते पुरेसे नाही. निदेशाचा क्रमांक, तपासणीची तारीख, त्या वेळचे विमानाचे एकूण तास, कोणत्या पद्धतीने अंमलबजावणी झाली, पुढील तपासणी केव्हा येते आणि सही व परवाना क्रमांक इतके सर्व लिहावे लागते. बाहेरच्या माणसाला हा कारकुनी सोपस्कार वाटेल. परंतु पुढील शंभर तास केव्हा भरतात हे ठरविण्यासाठी दुसऱ्या अभियंत्याजवळ याखेरीज कोणताही आधार नसतो; ज्याने रूळ पाहिले तो तोवर दुसऱ्या गावी नोकरीस गेलेला असतो.

उत्पादन बंद झाल्यानंतर

सेस्नाची कंपनी अस्तित्वात आहे, तिचे अभियंते आहेत, पुस्तिका मिळतात. ज्या विमानांचे उत्पादन केव्हाच थांबले आणि ज्यांचे सुटे भागही कोणी बनवीत नाही त्यांचे दप्तर सांभाळणे याहून बिकट असते.

भारतात याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘पुष्पक’. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीत बांधलेले हे दोन आसनी विमान १९५८ मध्ये प्रथम उडाले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वरून ताणून बसविलेले कापड आणि ९० अश्वशक्तीचे कॉन्टिनेन्टल इंजिन अशी त्याची साधी रचना होती. त्या कंपनीतील विमान-आराखड्याच्या कामाची धुरा ज्यांनी वाहिली ते डॉ. विष्णू माधव घाटगे हे महाराष्ट्राचे सुपुत्र. १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे भारतीय आराखड्याचे प्रशिक्षण विमान त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाले होते. देशातील फ्लाइंग क्लबांत वैमानिकांच्या कित्येक तुकड्या पुष्पकवर शिकल्या.

पुष्पकच्या दप्तराचे वैशिष्ट्य असे की त्याला दोन देशांकडे पाहावे लागते. विमानाचा आराखडा भारतीय असल्याने त्यातील दोषांविषयी सक्तीचे आदेश काढण्याची जबाबदारी आपल्याच महासंचालनालयाची. इंजिन मात्र अमेरिकन, म्हणून त्याचे निदेश तिकडून येणार. शिवाय कापड ही नाशवंत वस्तू. उन्हाने त्याची ताकद घटते, म्हणून ते केव्हा चढविले, कोणत्या प्रतीचे होते, त्यावर कोणता लेप दिला आणि ताकदीची चाचणी केव्हा झाली या साऱ्याची नोंद हवी. अशा विमानासाठी एखादा कंस किंवा बिजागरी नव्याने बनवावयाची झाल्यास मूळ रेखाटन लागते, धातूची प्रत सिद्ध करावी लागते आणि बनविणाऱ्याला तशी मान्यता असावी लागते. गावच्या लोहाराने हुबेहूब, कदाचित मूळापेक्षाही मजबूत, भाग बनवून दिला तरी तो चालत नाही. एक भाग गरजेपेक्षा ताठ झाला की त्याच्या शेजारचा भाग आधी तुटतो, हे यामागील शास्त्र.

जुने विमान नीट सांभाळले तर काय होऊ शकते हे १५ ऑक्टोबर १९८२ रोजी दिसले. १९३२ मध्ये याच दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी पुस मॉथ विमानातून कराचीहून मुंबईस टपाल आणले होते. त्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवी दिवशी वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी लेपर्ड मॉथ या लाकूड-कापडाच्या विमानातून कराची ते जुहू हा प्रवास पुन्हा केला. हा विमानप्रकार १९३३ चा. दोन देशांमधील असा प्रवास करावयाचा म्हणजे शिकागो कराराच्या २९ व्या कलमात सांगितलेले कागद विमानात असलेच पाहिजेत : नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, वैमानिकाचा परवाना, प्रवास नोंदपुस्तक, रेडिओ असल्यास त्याचा परवाना. या नियमात विमानाच्या वयाला सूट नाही, आणि वैमानिकाच्या कीर्तीलाही नाही.

सुटा भाग आणि त्याचा दाखला

लहान विमानाचा खर्च मुख्यतः सुट्या भागांवर होतो, आणि त्या भागाच्या किमतीत त्याच्या कागदाचीही किंमत असते. भारतातील मान्यताप्राप्त कार्यशाळेतून आलेल्या भागाबरोबर ‘सीए फॉर्म १’ येतो. अमेरिकेतून आलेल्याबरोबर ‘८१३०-३’ या क्रमांकाचा, युरोपातून आलेल्याबरोबर ‘ईएएसए फॉर्म १’ हा नमुना येतो. भाग कोणी बनविला किंवा दुरुस्त केला, कोणत्या मान्यतेखाली आणि तो वापरण्याजोगा आहे, हे त्यावरून कळते. मोडीत निघालेल्या विमानाचा कार्ब्युरेटर चकचकीत करून विकणारे लोक जगात सर्वत्र आहेत. दाखला मागणे हाच त्यांवर उपाय.

नव्या साधनांची भर घालतानाही हीच दक्षता लागते. अपघातानंतर आपोआप संकट-संदेश देणाऱ्या यंत्राचे उदाहरण घ्या. जुन्या विमानांत १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणारी यंत्रे असत. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी ती लहर ऐकणे बंद केले आणि ४०६ मेगाहर्ट्झची यंत्रे आवश्यक ठरली. ही नवी यंत्रे आपली ओळख सांकेतिक आकड्यांत सांगतात, त्यामुळे त्यांची नोंद बंगळूर येथील केंद्राकडे करावी लागते. यंत्र विकत घेतले आणि चार स्क्रूंनी बसविले की काम संपले, असे नाही. बसविण्याची रीत मंजूर हवी, तारांचा नकाशा दप्तरात हवा आणि वजनाचा तक्ता सुधारला पाहिजे. सेस्ना १५२ चे जास्तीत जास्त अनुज्ञेय वजन ७५७ किलोग्रॅम आहे. दोन प्रौढ माणसे बसली आणि टाक्या भरल्या की त्यात फारशी जागा उरत नाही. शेपटीकडे वाढलेले तीन-चार किलोसुद्धा तोल मागे सरकवितात. ते तक्त्यात नसतील तर वैमानिकाने प्रामाणिकपणे केलेला हिशेबही चुकीचाच येतो.

बंद पडलेले विमान पुन्हा उठविताना

बरीच वर्षे उभ्या असलेल्या विमानाच्या मालकाला सर्वसाधारणपणे असा सल्ला दिला जातो की हातात पाना घेण्यापूर्वी दप्तर उघडावे. नोंदणी चालू आहे का, नाव बरोबर आहे का, हे प्रथम. मग आजवर निघालेल्या सर्व निदेशांची यादी काढून त्यासमोर नोंदपुस्तकातील पानाचा क्रमांक लिहावयाचा. जेथे क्रमांक लिहिता येत नाही ते काम शिल्लक आहे असे समजावयाचे. या यादीवरूनच विमान पुन्हा उठविणे परवडेल की नाही हे बव्हंशी कळून येते. पुष्कळ मालक उलट दिशेने जातात; नवा रंग देतात, आसने बदलतात, आणि अखेरीस कळते की इंजिनाचा पूर्वेतिहासच नाही.

विमान एका गावी आणि मान्यताप्राप्त कार्यशाळा दुसऱ्या गावी, असाही पेच पडतो. अशा वेळी सर्व प्रमाणपत्रे चालू नसली तरी विमान सुरक्षितपणे उडू शकेल असे परवानाधारक अभियंत्याने तपासून सांगितल्यास विशेष उड्डाण अनुज्ञा मिळू शकते. ती ठरावीक प्रवासापुरती असते. आवश्यक कर्मचाऱ्यांखेरीज कोणाला बरोबर नेता येत नाही. वैमानिकाच्या रेडिओ-संभाषणाच्या प्रमाणपत्राचे काम पूर्वी दूरसंचार विभागाकडे होते. २०२४ च्या अधिनियमाने ते महासंचालनालयाकडे देण्याची तरतूद केली. एका कामासाठी दोन दारे ठोठावणे त्यामुळे टळते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. विमानाच्या सततच्या उड्डाणयोग्यतेची जबाबदारी मान्यताप्राप्त व्यवस्थापन संस्थेवर टाकणारी जी पद्धती आहे, तिची मूळ घडण मोठ्या विमान कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून झाली. शेकडो विमाने असणाऱ्या कंपनीला त्यासाठी लागणारी माणसे व पुस्तिका सहज परवडतात. दोन विमानांच्या क्लबला त्या जड जातात. एक जबाबदार अधिकारी नोकरी सोडून गेला की मान्यता धोक्यात येते आणि निर्दोष विमानेही उभी राहतात. युरोपीय देशांनी हे ओळखून मार्च २०२० पासून हलक्या विमानांसाठी सुटसुटीत नियमभाग लागू केला. त्यात देखभालीचा कार्यक्रम आखण्यास आणि किरकोळ कामे स्वतः करण्यास मालकाला अधिक वाव दिलेला आहे. नोंदी ठेवण्याच्या आवश्यकतेत मात्र त्यांनीही सवलत दिलेली नाही. नियमांचा भार आणि नोंदींची गरज या दोन निराळ्या गोष्टी आहेत; पहिला कमी करता येतो.

विमान शिवारात उतरले तर

२५ जुलै २०२२ रोजी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कडबनवाडी येथील शेतात सेस्ना १५२ हे प्रशिक्षण विमान कोसळले व प्रशिक्षणार्थी वैमानिक जखमी झाली. धावपट्ट्यांच्या आसपासच्या गावांना असा प्रसंग केव्हाही येऊ शकतो, म्हणून ग्रामपंचायत सदस्य, पोलीस पाटील व शिक्षक यांना पुढील माहिती असणे इष्ट आहे. जखमींना बाहेर काढणे आणि आग लागू न देणे हे पहिले काम. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहावयाची नसते. त्यानंतर अवशेष आहे तसेच राहू द्यावेत. केंद्र शासनाने २०१२ मध्ये स्थापन केलेल्या विमान अपघात अन्वेषण विभागाचे अधिकारी येईपर्यंत मुलांना जवळ जाऊ देऊ नये आणि एखादा तुकडा आठवण म्हणून घरी नेण्याचा मोह टाळावा. वाऱ्याने विखुरलेली कागदांची पानेही उचलून फेकू नयेत. विमानातील प्रवास नोंदपुस्तकाचे ओले, चुरगळलेले पानसुद्धा त्या सकाळी किती इंधन भरले आणि कोणी सही केली हे सांगू शकते. त्याच दिवशी दुसरीकडे, विमानाच्या मूळ ठिकाणी, उरलेली सर्व नोंदपुस्तके ताब्यात घेतली जातात.

काही विमाने मात्र पुन्हा उडविण्यात अर्थ नसतो. त्यांची नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी लागते आणि विमानाचे नोंदपुस्तक बंद होते. इंजिन चांगले असेल तर ते उतरवून, तेल भरून, झाकणे लावून ठेवतात. त्याच्या नोंदपुस्तकात उतरविल्याची तारीख, त्या वेळचे तास आणि कारण लिहून अभियंता सही करतो. पुढे दुसऱ्या विमानात ते बसेल तेव्हा पुढची नोंद त्याच ओळीखाली, त्याच तासांपासून सुरू होते.